काठीचा एक तास

आमचे भाऊजी वकील आहेत आणि जादूगारही आहेत. वकिली ते आठवडाभर करतात, जादू रविवारी दुपारी. दोन्हीकडे त्यांची तक्रार एकच असते, की समोरचा ऐकत नाही.

रविवारची जादू म्हणजे फाशांचा खेळ. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, आपलं पात्र आता काय करतंय ते तोंडाने सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे वीस तोंडांच्या फाशाने ठरवायचं. मी एरवी चष्मे बनवतो, खेळात योद्धा आहे. बँकेतल्या कॅशियरबाई संन्यासिनी आहेत, आमच्या जखमा बऱ्या करतात. आणि खेळ चालवतात डॉक्टरबाई. राक्षस, वादळं, दारामागचे सापळे, सगळं त्यांच्या ताब्यात. त्या जनावरांच्या डॉक्टर. रविवारी दवाखाना बंद असतो, म्हणून आम्ही त्यांच्या तपासणीच्या स्टीलच्या टेबलावर खेळतो. फासे त्यावर इतके खणखणायचे, की आतल्या खोलीत दाखल असलेली कुत्री भुंकायला लागायची, तेव्हा बाईंनी रबराची चटई अंथरली. आमच्यापैकी एकही जण चाळिशीच्या अलीकडचा नाही. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं, आम्ही गेली दोन वर्षं मिठाच्या राजाच्या मागावर आहोत आणि आम्हाला फुरसत नाही.

अडचण होती ती भाऊजींच्या जादूगाराची. त्याच्या मंत्रांना धारच नव्हती. या खेळात जादूगाराने मंत्र टाकला की शत्रू फासा टाकतो, आणि ठरावीक आकड्याच्या वर आला की निसटतो. तो आकडा जादूगाराच्या ताकदीवर ठरतो. भाऊजींचा आकडा इतका खाली होता की कोणीही सोम्यागोम्या निसटायचा. भाऊजी मोठ्या थाटात निद्रामंत्र म्हणायचे, शत्रू एक जांभई द्यायचा आणि पुढे यायचा. आणि पुढे मी उभा असायचो.

यावर उपाय म्हणजे जादूच्या वस्तू. कुठे अंगठी, कुठे झगा, कुठे स्फटिक. जादूगाराने ती जवळ बाळगली की मंत्रांचं बळ वाढतं. भाऊजी अशा वस्तूंच्या मागे हात धुऊन लागले होते. एका पडक्या मनोऱ्यात त्यांना अंगठी मिळाली, ती फक्त पावसात चालायची. एक टोपी मिळाली, तिच्यामुळे ताकद वाढायची पण ऐकू यायचं बंद व्हायचं. भाऊजींनी ती महिनाभर घातली आणि आम्हाला कोणालाही फरक जाणवला नाही.

शेवटी मिठाच्या राजाच्या बहिणीच्या थडग्यात काठी सापडली. जुनी, भारी काठी. ती हातात असली की जादूगाराचा कुठलाही मंत्र दुप्पट चिवट होणार, शत्रूला निसटणं मुश्कील. डॉक्टरबाईंनी ती खरोखरची बनवून टेबलावर ठेवली. मोडक्या सलाइनच्या स्टँडची नळी, तिला बँडेज गुंडाळलेलं, टोकाला निळा दिवा. आमच्याकडे प्रत्येक जादूची वस्तू अशी हाताला लागते, टेबलावर नसेल तर ती खेळातही नाही. भाऊजींनी ती हातात घेतली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. मी चष्मेवाला आहे, डोळे कशाने भरतात ते मला कळतं.

पण अशी वस्तू मिळाली म्हणजे लगेच चालत नाही. तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. खेळाच्या पुस्तकात लिहिलंय की वस्तू घेऊन एक तास शांत बसावं. बाकीचे खेळणारे काय करतात, 'बसलो' असं म्हणतात, तास गेला असं धरतात आणि पुढे जातात. डॉक्टरबाईंना ते पसंत नाही. त्यांचं म्हणणं, नवीन कुत्रं घरी नेलं तर त्याच्याजवळ बसावं लागतं, 'बसलो' म्हणून भागत नाही. त्यामुळे आमच्याकडे तो तास खरोखर बसायचा. आपापल्या घरी, दिवसाउजेडी, वस्तू हातात धरून. फोन नाही, टीव्ही नाही, पुस्तक नाही, आणि मुख्य म्हणजे तोंडातून शब्द नाही. आपल्यातलाच एक जण साक्षीदार म्हणून समोर बसणार, तोही गप्प. रविवारी साक्षीदाराने सांगायचं, बसला की नाही. तासात एक शब्द जरी निघाला, तरी त्या वस्तूचं आणि त्या माणसाचं कायमचं फाटलं. पुन्हा संधी नाही.

रविवारी मिठाच्या राजाशी शेवटची लढाई होती. म्हणून शनिवारी दुपारी भाऊजी आपल्या बैठकीच्या खोलीत काठी धरून बसले, आणि साक्षीदार म्हणून समोरच्या सोफ्यावर मी.

भाऊजी एक तास गप्प बसणार, हे ऐकून कॅशियरबाईंनी 'बघू' एवढंच म्हटलं होतं. भाऊजी वाईट माणूस नाहीत. प्रेमळ आहेत, हाताचे सढळ आहेत. फक्त त्यांच्याशी बोलणं म्हणजे त्यांचं ऐकणं. कोणी काही सांगायला लागलं की त्यांना पहिल्याच वाक्यात त्यातले तीन मुद्दे दिसतात, आणि तिन्हींवर त्यांचं म्हणणं तयार असतं. माझी ताई त्यांच्या पलीकडच्या बाकावर बसायची, कॉलेजात. तेव्हापासून ती त्यांचं ऐकते आहे. आता मुलगी वसतिगृहात गेल्यावर तर ऐकायला ती एकटीच उरली.

ताई पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. गेला महिनाभर तिला घरात एक विषय काढायचा होता. धरणाजवळच्या गावात नवीन प्रयोगशाळा होणार होती, रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब, आणि तिची प्रमुख म्हणून तीन वर्षांसाठी ताईने यावं असं वरच्या मॅडमचं म्हणणं होतं. हे मला ठाऊक होतं, कारण मला तिने दुकानात येऊन सांगितलं होतं. भाऊजींनाही ती सांगायला गेली होती. 'धरणाजवळ' म्हटल्याबरोबर भाऊजींनी धरणग्रस्तांच्या एका जुन्या खटल्याची हकीकत सुरू केली. दुसऱ्या वेळी 'तीन वर्षं' म्हटल्यावर ते मुदतीच्या करारांवर बोलले. तिसऱ्या वेळी तिने चिठ्ठी लिहायचं ठरवलं, आणि मग तिचं तिलाच हसू आलं. त्यांच्या घरात वाद कधी होतच नाही. त्यासाठी दुसऱ्या बाजूचीही पाळी यावी लागते.

तर भाऊजी बसले. काठी उभी धरलेली, दिवा लावलेला, पाठ ताठ. पहिला थोडा वेळ बरा गेला. मग ताई वाळलेल्या कपड्यांची बादली घेऊन आली आणि घड्या घालायला लागली. दोन-तीन टॉवेल झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं.

"किती वेळ आहे हे?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

"आणि यांनी बोलायचं नाही?"

मी मान हलवली.

"बोलले तर?"

मी गळ्यावरून बोट फिरवलं.

ताईने हातातला टॉवेल अर्धवट घडीसकट बादलीत ठेवला. स्वयंपाकघरातून खुर्ची आणली, भाऊजींच्या समोर ठेवली आणि बसली. ती काय करणार ते मला त्याच क्षणी कळलं, आणि खरं सांगतो, मी मनातून टाळ्या वाजवल्या. पण पाठोपाठ भीतीही वाटली, कारण उद्या सगळ्यात पुढे मी उभा असणार होतो, आणि काठी गेली तर माझं काही खरं नव्हतं.

"हे बरोबर नाहीये, मला माहितीये," ताई म्हणाली. "पण तुला दुसऱ्या कशाने गप्प बसवायचं ते मला आजवर सापडलेलं नाही."

मग ती बोलली, अगदी पहिल्यापासून. प्रयोगशाळेत रुजू झाली त्या वर्षी एका शाळेच्या विहिरीचं पाणी तपासायला आलं होतं. वरून स्वच्छ, चवीला गोड. सगळ्यांनी ठीक म्हणून सही केली, हिला त्यात काहीतरी खटकलं, हिने पुन्हा तपासलं आणि त्यात विष निघालं. विहीर बंद झाली. "त्या दिवशी घरी येताना मी रस्त्याने जवळजवळ पळत आले होते," ती म्हणाली. "तुला सांगायचं होतं. दारात तू म्हणालास, बरं झालं आलीस, आज कोर्टात काय झालं ऐक. मी ऐकलं. छानच होतं ते. पण माझं राहिलं ते राहिलंच."

ही गोष्ट मलाही माहीत नव्हती. मी तिचा सख्खा भाऊ. विचारायचं बरंच होतं, पण साक्षीदार असल्यामुळे ते तसंच ठेवावं लागलं.

नव्या प्रयोगशाळेबद्दल तिने सगळं सांगितलं. यंत्रं कोणती, हाताखाली माणसं किती, खोलीच्या खिडकीतून पाणी दिसतं. मुलगी आता वसतिगृहात आहे, तिला विचारलं, ती 'जा' म्हणाली. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"मला जायचंय," ताई म्हणाली. "तुझी काही हरकत असेल तर आत्ता बोल. मी ऐकेन. मध्ये एक शब्द बोलणार नाही."

भाऊजींचं तोंड उघडलं. मिटलं. काठीवरची बोटं पांढरी पडली. कपाळावर घाम आला, निळ्या दिव्याच्या उजेडात तो चमकत होता. इंजेक्शन देताना दवाखान्यातली मांजरं बघतात तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्यांनी उजवा हात काठीवरून काढला आणि एक बोट वर केलं. कोर्टात हरकत घेताना करतात तसंच.

"बोटाचं मी धरत नाही," ताई म्हणाली. "बोल."

बोट बराच वेळ वर राहिलं. मग खाली आलं.

"बरं," ताई म्हणाली. "मग हरकत नाही असं मी धरते." ती उठली, खुर्ची जागेवर ठेवली, बादली घेऊन आत गेली. आतून तिचा फोनवरचा आवाज आला, "हो मॅडम, मी येते. नाही, एकटीच. एका माणसाची खोली पुरे."

तास संपल्याची खूण मी केली मात्र, भाऊजी धरण फुटावं तसे सुटले. ही संमतीच नव्हे, ही जबरदस्ती आहे, ज्याच्या तोंडाला कुलूप आहे त्याच्या मौनाचा अर्थ काढता येत नाही, वगैरे. ताईने सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्या हातात काठी होती," ती म्हणाली. "ती खाली ठेवायला कोणी नको म्हटलं होतं?"

भाऊजींनी काठीकडे पाहिलं.

"असं कर," ती म्हणाली. "उद्या तुझ्या मंडळींसमोर सांग की मी तासात बोललो. म्हणजे तुझी हरकत होती. मी मॅडमना कळवते, आणि आपण पुन्हा पहिल्यापासून बोलू. बोललो नाही असं सांगितलंस, तर मी जाते. मी येतेच उद्या, काय ठरतंय ते बघायला."

रविवारी दवाखान्यात जाताना भाऊजींनी मला पार्किंगमध्ये गाठलं. "धाकट्या, तू साक्षीदार आहेस," म्हणाले, "तुला परिस्थितीचं गांभीर्य समजतंय ना?" मी म्हटलं, समजतंय, पण तुम्हाला नक्की काय हवंय ते सांगा, काठी की हरकत? ते म्हणाले, "दोन्ही का नको?" मी म्हटलं, भाऊजी, मी जे पाहिलं ते सांगणार. त्यांना राग आला असावा, कारण पायऱ्या ते माझ्यापुढे दोन-दोन करून चढले.

ताई येऊन बसली ती बाहेरच्या खोलीतल्या बाकावर, जिथे एरवी लोक पिंजरे मांडीवर घेऊन बसतात. दार उघडंच होतं. डॉक्टरबाईंनी चटई अंथरली, काठी मधोमध ठेवली आणि मला विचारलं, "बसले का?"

"बसले," मी म्हटलं. "शब्द एकही बोलले नाहीत. पण एक बोट वर केलं होतं."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. तो मीच करून दिलेला आहे, त्या विचारात पडल्या की पुसतात. "बोट वर करणं म्हणजे काहीतरी सांगणंच की," त्या म्हणाल्या. "कुत्रं शेपटी हलवतं तेव्हा ते बोलत नाही, पण सांगतंच. मला वाटतं, शांतता मोडली. काठी गेली."

म्हणजे भाऊजींना काही करायचीसुद्धा गरज नव्हती. तोंड मिटून बसले असते तरी काठी गेली असती, हरकत टिकली असती, ताईला पुन्हा पहिल्यापासून बोलावं लागलं असतं. तेवढंच करायचं होतं, गप्प बसायचं. पण समोर निकाल विरुद्ध जातोय आणि भाऊजी खाली बसलेत, असं त्यांच्या हयातीत झालेलं नाही. ते उठून उभे राहिले.

"एक मिनिट, बाई. बोट म्हणजे शब्द नव्हे. कोर्टात कोणी बोट वर केलं, तर न्यायाधीश काय धरतात? त्याला पाणी हवं असेल. पंखा लावायचा असेल. हरकत ही तोंडाने घ्यावी लागते, ती वेळेत घ्यावी लागते. समोरचा माणूस 'बोल' म्हणतो, थांबतो, ऐकायला तयार असतो, आणि तरी जो बोलत नाही, तो बोललाच नाही. नंतर त्याला म्हणता येत नाही की माझ्या मनात अमुक होतं. संधी होती. पूर्ण संधी होती. जे नोंदवलं नाही, ते नव्हतंच."

त्यांचा आवाज भरला होता, हात हवेत होता. इतका बिनतोड युक्तिवाद त्यांनी उभ्या आयुष्यात केला नसेल. कॅशियरबाईंनी नकळत मान डोलावली. शेवटच्या वाक्याला भाऊजींची नजर उघड्या दारातून बाकाकडे गेली, आणि हात हळूच खाली आला.

"पटलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बोलला नाहीत. काठी तुमची."

आतलं एक कुत्रं पाणी पीत होतं, तेवढाच आवाज. डॉक्टरबाईंना घरातलं काहीच माहीत नव्हतं, त्यांनी निव्वळ कुतूहलाने विचारलं, "पण वकीलसाहेब, म्हणायचं काय होतं तुम्हाला?"

भाऊजींनी काठी उचलली. तिच्या बँडेजचं सुटलेलं टोक बोटाने दाबून बसवायला लागले.

"काही नाही," ते म्हणाले. "विचारायचं होतं, की तिथे दोन माणसांची खोली मिळते का."

मला स्वतःची लाज वाटली. मी समोर बसलो होतो. ते बोट मी पाहिलं होतं, ताईनेही पाहिलं होतं, आणि ते हरकतीशिवाय दुसऱ्या कशासाठी वर झालं असेल असं आम्हा बहीणभावांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

"तालुक्याचं कोर्ट आहे तिथे," भाऊजी काठीकडे बघत म्हणाले. "कामं मिळतात. मी नंतर चौकशीही केली. त्या धरणाच्या खटल्याचं सांगत होतो तेव्हा तेच पुढे सांगणार होतो, पण ते जरा लांबलं."

ताई बाकावरून उठून दारात आली. मला वाटलं ती रडणार. माझीच तयारी झाली होती.

"मिळते," ती म्हणाली. "दोघांची मिळते. मॅडमनी आधी तीच देऊ केली होती. मीच एकटीची मागितली."

भाऊजींनी वर पाहिलं. त्यांच्या तोंडावर मुद्दे येताना दिसत होते, एक, दोन, तीन. ते थांबले. "का?" एवढंच म्हणाले.

"मला सकाळी उठून पाण्याकडे बघत बसायचंय," ताई म्हणाली. "कोणी काही न सांगता. तू आलास तर मला आवडेल रे, पण मग मी पुन्हा तुझं ऐकत बसेन. मला सवय आहे त्याची. ती मोडेपर्यंत मला एकटीला राहायचंय."

भाऊजींनी मान हलवली. हरकत घेतली नाही. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच त्यांना बोलायला सगळी मोकळीक होती आणि ते गप्प होते, आणि ते बघणं मला आदल्या दिवशीच्या तासापेक्षा जड गेलं.

"मग," डॉक्टरबाई सावकाश म्हणाल्या, "खेळायचंय, की आज राहू दे?"

"खेळा," ताई म्हणाली आणि स्टूल ओढून टेबलाशी बसली. ती आमचा खेळ पहिल्यांदाच बघत होती. मिठाचा राजा तळ्यातून वर आला, त्याने पहिल्या फटक्यात माझी ढाल फोडली, कॅशियरबाईंनी मला उभं केलं, त्याने मला पुन्हा आडवं केलं. मग भाऊजींनी काठी उचलली आणि मौनाचा मंत्र टाकला. राजाची सगळी ताकद त्याच्या आवाजात होती. डॉक्टरबाईंनी फासा टाकला. चांगला आकडा आला. आधीच्या दिवसांत राजा हसत निसटला असता. पण काठी होती. राजाचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं, आणि आवाज गेलेला तो मिठाचा डोंगर तळ्यात विरघळून गेला. दोन वर्षांचा खेळ संपला. कॅशियरबाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि कोणी साथ देत नाही हे बघून थांबल्या.

"जमलं का तुझं?" ताईने विचारलं.

"जमलं," भाऊजी म्हणाले. एरवी त्यांनी हे कसं जमलं ते तासभर सांगितलं असतं.

ती उठली, पर्स घेतली, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"सुट्टीत येत जा," ती म्हणाली. "येशील तेव्हा ही काठी घेऊन ये."